अँटिबायोटिकची चिठ्ठी आणि डॉक्टरांच्या हातातला मोबाईल

धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन आई येते, तेव्हा डॉक्टरांना दोन गोष्टी कळायला हव्या असतात. ताप व्हायरल आहे की बॅक्टेरियामुळे आलाय? आणि बॅक्टेरियामुळे असेल, तर तो कोणत्या औषधाने मरेल? ओपीडीत बसल्या जागी या दोन्ही प्रश्नांची पक्की उत्तरं मिळत नाहीत. रक्ताचं किंवा लघवीचं कल्चर लावलं, म्हणजे नमुन्यातले बॅक्टेरिया लॅबमध्ये वाढवून बघितले, तर रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात, आणि कल्चर लावायची सोय दर तालुक्याला नसते. बाहेर पेशंटची रांग लागलेली असते. आई दिवसाची मजुरी बुडवून डोंगरातल्या पाड्यावरून उतरून आलेली असते, परवा परत या म्हटलं तर ती येईलच याचा भरवसा नसतो. मग डॉक्टर अंदाजाने लिहितात, आणि अंदाज चुकायला नको म्हणून जरा जोरदार औषध लिहितात.

जळगाव-धुळ्याच्या खाजगी दवाखान्यात चित्र थोडं वेगळं, पण शेवट तोच. “दोन दिन व्हयनात, ताप उतरस नही, हाय पावरनी गोळी द्या,” असं पेशंट स्वतःच म्हणतो. नाही दिली तर संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्या दवाखान्यात बसलेला असेल, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं.

म्हणून अँटिबायोटिकच्या अतिवापराबद्दल डॉक्टरांना नुसते बोल लावून काही साधत नाही, असं माझं ठाम मत आहे. पेन कागदाला टेकण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात त्यांच्या हाताशी बरोबर माहिती असली पाहिजे. मोबाईल, टॅब, संगणक यांचा इथे उपयोग आहे तो याच अर्ध्या मिनिटापुरता. तो उपयोग कसा होतो, कुठे फसतो, आणि खानदेशात नेमकं काय कमी पडतं, ते जरा सविस्तर बघू.

आधी हा प्रश्न एवढा गंभीर का, ते सांगतो. कपाशी लावणाऱ्या माणसाला हे समजवायला फार वेळ लागत नाही. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळी हटली. मग वर्षानुवर्षं सगळ्या शिवारात तेच बियाणं पेरलं गेलं. असंख्य अळ्यांपैकी ज्या थोड्या तगल्या त्यांचीच पिल्लावळ वाढत गेली, आणि २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर बोंडं पोखरली. बॅक्टेरियाचंही असंच होतं. औषधाने कच्चे मरतात, चिवट उरतात, आणि गरज नसताना जितक्या वेळा औषध घेतलं जातं तितक्या वेळा चिवटांना मोकळं रान मिळतं. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल भाषणातच हा इशारा देऊन ठेवला होता. आज त्याची किंमत मोजली जाते आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं औषधाला न जुमानणाऱ्या बॅक्टेरियामुळे थेट दगावली. ज्या मृत्यूंमध्ये अशा बॅक्टेरियाचा हात होता, ते धरले तर आकडा ४९ लाख ५० हजारांवर जातो.

आपल्याकडे लिहिलं काय जातं? भारतातल्या खाजगी औषधविक्रीचा २०१९चा अभ्यास सांगतो की सर्वांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक होतं अझिथ्रोमायसिन ५००ची गोळी, आणि दुसऱ्या नंबरवर सेफिक्झिम २००. सर्दी-खोकल्याला ‘तीन दिवसांचा कोर्स’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा हीच पहिली गोळी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकची तीन गटांत विभागणी केली. पहिला गट ‘ॲक्सेस’. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन अशी जुनी, नेमकी, रेझिस्टन्सचा, म्हणजे बॅक्टेरिया औषधाला जुमानेनासे होण्याचा, धोका कमी असलेली औषधं यात येतात. नेहमीच्या आजारांत आधी हात घालायचा तो इथे. दुसरा गट ‘वॉच’, म्हणजे जपून वापरायची औषधं, आणि अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफ्ट्रायाक्झोन ही सगळी या गटात आहेत. तिसरा ‘रिझर्व्ह’, दुसरं काहीच चालेनासं झालं की काढायचा साठा, जसं कोलिस्टिन किंवा लिनेझोलिड. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत सप्टेंबर २०२४ मध्ये देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत जगात माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकपैकी किमान ७० टक्के पहिल्या गटातली असावीत. भारताच्या त्या २०१९च्या आकडेवारीत पहिल्या गटाचा वाटा होता २७ टक्के, आणि जपून वापरायच्या गटाचा जवळपास ५५ टक्के. कुठून कुठे जायचंय, हे यावरून लक्षात येईल.

ही गटवारी आणि तिच्यासोबत २०२२ मध्ये आलेलं मार्गदर्शक पुस्तक मोबाईलवर मोफत बघता येतं. तीसपेक्षा जास्त इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक लागतं का, लागलं तर कोणतं, किती आणि किती दिवस, असं सगळं त्यात आहे. आयसीएमआरनेही, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही, आपल्या देशासाठी अशा सूचना काढल्या आहेत. पण खरं सांगायचं तर पीडीएफ मोबाईलमध्ये असणं आणि रांग लागलेल्या ओपीडीत ती उघडली जाणं यांत फार अंतर आहे. ज्या साधनांनी प्रत्यक्षात फरक पडला, ती पुस्तकासारखी वाट बघत बसणारी नव्हती. तपासणी चालू असतानाच ती डॉक्टरांच्या किंवा नर्सच्या सोबत चालत होती.

लहान मुलाच्या खोकल्याचं उदाहरण घेऊ. न्यूमोनिया आहे की साधा खोकला, हे ओळखायची एक साधी पण हमखास चुकणारी पायरी म्हणजे श्वास मोजणं. बाळ शांत असताना, कपडे वर करून, पोट-छाती वरखाली होताना पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त असेल, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल, तर तो जलद धरायचा. घाईत हे मिनिट पंधरा सेकंदांवर येतं आणि त्याला चाराने गुणलं जातं. रडणाऱ्या बाळाचा श्वास तर तसाही वाढलेला असतो. टॅबवरचं ॲप इथे अडवतं. आधी वय विचारतं, मग धोक्याची लक्षणं: दूध पितं का, झटके आले का, मूल सुस्त पडलंय का. मग स्क्रीनवर मिनिटाचं घड्याळ सुरू होतं, प्रत्येक श्वासाला बोटाने टॅप करायचं. मोजणी पूर्ण झाल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. वयाचा आकडा डोक्यात ठेवायची गरज उरत नाही. छाती आत ओढली जातेय का, ऑक्सिजन किती, हे भरलं की निदान आणि वजनाप्रमाणे डोस समोर येतो. किंवा ‘अँटिबायोटिक नको, घरी काय काळजी घ्यायची ते आईला सांगा’ असं येतं.

हे चालतं का, याची सर्वांत बोलकी साक्ष टांझानियातून आली. तिथल्या ४० आरोग्य केंद्रांत ‘ईपॉक्ट प्लस’ नावाच्या अशाच साधनाची चाचणी झाली, आणि २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. टॅबसोबत ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणि बोटातल्या थेंबावर होणारी सीआरपी चाचणी दिली होती. शरीरात जोराची सूज किंवा मोठं इन्फेक्शन असलं की सीआरपी वाढतो. एकट्या सीआरपीवरून निकाल लावता येत नाही, पण इतर लक्षणांच्या जोडीने तो कामाला येतो. शिवाय तिथल्या कर्मचाऱ्यांना मधूनमधून मार्गदर्शन मिळत होतं. नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्या १०० मुलांपैकी ७० जणांना अँटिबायोटिक मिळत होतं. टॅबच्या सोबतीने तपासलेल्यांत ते २३ वर आलं. आणि सातव्या दिवशी बरी न झालेली मुलं दोन्हीकडे सारखीच होती, शंभरात चारच्या आत. म्हणजे जवळपास ४७ मुलांना औषध न देऊनही त्यांचं काही बिघडलं नाही. नंदुरबारच्या डोंगराळ भागातली उपकेंद्रं डोळ्यांसमोर आणून मी हा आकडा वाचतो, तेव्हा मला तो फार मोठा वाटतो.

दुसरा प्रकार मोठ्या दवाखान्यांचा, जिथे चिठ्ठी संगणकावर निघते. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातला संगणक कल्चरचे रिपोर्ट, किडनीचं काम आणि ॲलर्जी बघून आयसीयूतल्या डॉक्टरांना औषध सुचवत असे. त्यामुळे जास्त डोस आणि ॲलर्जी असलेली औषधं दिली जाणं बरंच घटलं, हे १९९८ मध्येच छापून आलं होतं. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो बोस्टन आणि लॉस एंजेलिसच्या दवाखान्यांतला २०१६चा अभ्यास. तिथे औषध सुचवणं बाजूला ठेवून डॉक्टरांच्या सवयीला हात घातला. सर्दी किंवा साध्या ब्राँकायटिससाठी कुणी अँटिबायोटिक लिहायला घेतलं की स्क्रीनवर एक चौकट यायची: कारण लिहा. लिहिलेलं कारण पेशंटच्या फाईलमध्ये कायमचं नोंदलं जायचं. रिकामं सोडलं तर ‘कारण दिलेलं नाही’ अशी नोंद व्हायची. औषध लिहायला बंदी अजिबात नव्हती. तरीही विनाकारण लिहिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकचं प्रमाण २३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. दुसऱ्या काही डॉक्टरांना दर महिन्याला ईमेल जायची, तुम्ही चांगल्या डॉक्टरांच्या यादीत आहात की नाही, एवढंच सांगणारी. तिथे प्रमाण जवळपास २० वरून ४ टक्क्यांच्या आत आलं. ज्यांना यातलं काहीच दिलं नव्हतं, त्यांचंही प्रमाण २४ वरून १३ वर आलं होतं, हे सांगायला हवं. पण वरच्या दोन्ही गटांतली घट त्यापेक्षा ठळकपणे जास्त होती. आणि ‘याऐवजी हे लिहा’ असं नुसतं सुचवणाऱ्या तिसऱ्या उपायाचा खात्रीने म्हणावा असा फरक दिसला नाही.

यातून मला कळतं ते असं की बहुतेक डॉक्टरांना नियम माहीत असतात. कमी पडतो तो थांबण्याचा क्षण, आणि आपण इतरांच्या मानाने कुठे आहोत याची जाणीव. इंग्लंडमध्ये तर यासाठी संगणकाची चौकटही लागली नाही. सर्वांत जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या २० टक्के दवाखान्यांना देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने पत्र गेलं, आणि सहा महिन्यांत तिथल्या चिठ्ठ्या ३.३ टक्क्यांनी घटल्या. ऐकायला थोडं वाटतं, पण ते ७३ हजारांवर अँटिबायोटिक होते. आकडेवारी गोळा होत होती म्हणून कुणाला पत्र पाठवायचं ते कळलं.

आता खानदेशाकडे येतो, कारण खरी अडचण इथेच आहे. वरची सगळी साधनं एका गोष्टीवर उभी आहेत: आपल्या भागातले बॅक्टेरिया कोणत्या औषधाला दाद देतात, याची माहिती. ती कशी तयार होते ते जवळून बघण्यासारखं आहे. जेली भरलेल्या गोल प्लेटवर पेशंटच्या नमुन्यातले वाढवलेले बॅक्टेरिया पसरवतात. वर सहा मिलिमीटरच्या कागदी टिकल्या ठेवतात, प्रत्येकीत एकेक औषध. रात्रभर ३५ अंशांच्या आसपास ठेवलं की सकाळी प्लेटवर धुरकट थर पसरलेला दिसतो, आणि काही टिकल्यांभोवती स्वच्छ गोल. त्या गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात आणि ठरलेल्या तक्त्याशी ताडून बघतात. पुरेसा मोठा गोल असेल तर औषध चालतं, टिकलीला खेटून थर असेल तर चालत नाही. अमुक औषधाला १८ मिलिमीटरचा गोल चांगला, तर तमुक औषधाला तेवढाच गोल अपुरा, म्हणून तक्ता वाचणाऱ्याचा हात बसलेला लागतो. असा माणूस प्रत्येक लॅबला मिळत नाही. ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’च्या फाउंडेशनने यासाठी ‘अँटिबायोगो’ नावाचं मोफत ॲप तयार केलंय. मोबाईलने प्लेटचा फोटो काढायचा, ॲप गोल मोजतं, अर्थ लावतं, आणि निकाल विसंगत वाटला तर टेक्निशियनला सावध करतं. इंटरनेट नसतानाही ते चालतं.

अशा एकेका रिपोर्टची वर्षभराची बेरीज म्हणजे अँटिबायोग्राम. लघवीच्या नमुन्यांत सापडलेल्या ई. कोलाय या बॅक्टेरियापैकी किती टक्के नायट्रोफ्युरँटॉइनने मरतात, किती सेफिक्झिमने, असा एका पानाचा तक्ता. त्याला किमान ३० वेगवेगळ्या पेशंटचे नमुने लागतात, एकाच पेशंटचा रिपोर्ट दोनदा धरायचा नाही. बेरीज करायला ‘हूनेट’ नावाचं सॉफ्टवेअर १९८९ पासून मोफत मिळतं आणि शंभराहून जास्त देशांत वापरलं जातं. म्हणजे पैशांची मोठी अडचण इथे नाही. लागते ती रोज नीट नोंद करण्याची शिस्त.

आयसीएमआर २०१३ पासून देशभरातून अशी माहिती गोळा करतंय आणि ते काम मोलाचं आहे. पण त्यात बहुतांश मोठ्या रुग्णालयांतले पेशंट असतात, आधीच पाच-सहा औषधं झालेले, आयसीयूत पडलेले. त्या आकड्यांवरून साक्रीच्या एखाद्या बाईच्या साध्या लघवीच्या इन्फेक्शनला औषध ठरवलं, तर विनाकारण भारी औषध लिहिलं जाईल. जुनी, स्वस्त गोळी तिला पुरली असती. म्हणून तक्ता इथला हवा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मायक्रोबायोलॉजीचे विभाग आहेत. त्यांनी जिल्ह्याचा अँटिबायोग्राम दर वर्षी काढावा, आणि तो शिरपूर, चोपडा, रावेर, तळोद्याच्या प्रत्येक डॉक्टरच्या मोबाईलवर एका पानात पोचावा. सरकारी आणि खाजगी दोघांच्याही. माझ्या मते कोणतंही महागडं ॲप विकत घेण्याआधी हे व्हायला हवं.

टायफॉइडचं बघा. ताप रेंगाळला की आपल्याकडे विडाल ही रक्ताची चाचणी करायची पद्धत आहे, आणि ‘विडाल पॉझिटिव्ह’ म्हटलं की सलाईन आणि सुया सुरू. एकट्या विडालवर भरवसा ठेवता येत नाही, जुन्या इन्फेक्शनमुळे किंवा दुसऱ्याच तापातही ती पॉझिटिव्ह येते. खात्रीसाठी औषध सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर लागतं. आणि पूर्वी टायफॉइडवर हुकमी असलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनला भारतातले बहुतेक टायफॉइडचे जंतू आता दाद देत नाहीत. ही गोष्ट चिठ्ठी लिहिताना स्क्रीनवर दिसली, तर एका घराचे पाच दिवस आणि काही हजार रुपये वाचू शकतात.

मेडिकल दुकान हा या साखळीतला दुर्लक्षित दुवा. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-वन या औषधांच्या सरकारी यादीमध्ये अनेक जोरदार अँटिबायोटिक आहेत. ती विकताना डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि नग रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावं लागतं. बरीच मेडिकल आता संगणकावर बिल काढतात आणि त्याच सॉफ्टवेअरमधून हे रजिस्टर निघू शकतं. कोणत्या तालुक्यात काय खपतंय, याचं चित्र त्यात दडलेलं आहे. पेशंटची नावं वगळून ती बेरीज जिल्ह्याच्या पातळीवर कुणी मांडली, तर कुठे लक्ष द्यायचं ते कळेल.

काही गोष्टींबद्दल सावध राहायला हवं. दर चिठ्ठीला पाच इशारे दाखवणारं सॉफ्टवेअर आठवड्याभरात निरुपयोगी होतं, कारण डॉक्टर न वाचताच ‘ओके’ दाबायला लागतात. इशारे मोजके आणि कामाचे असावेत. सातपुड्यात रेंज नसते, तेव्हा नेटशिवाय न चालणारं ॲप मोलगी-तोरणमाळला निव्वळ ओझं ठरेल. आईला विचारायचे प्रश्न पावरी, भिली, अहिराणीत रेकॉर्ड करून ठेवले तर उत्तरं खरी मिळतील. ‘धाप लागते का’ हे तिला कळलंच नाही, तर टॅबवर भरलेलं सगळं चुकीचं. हल्ली एआय चॅटला लक्षणं सांगून औषधाचं नाव काढणारेही भेटतात. त्याने बाळाचा श्वास मोजलेला नसतो, इथला अँटिबायोग्राम बघितलेला नसतो, म्हणून त्यावरून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणणं धोक्याचं आहे.

पेशंटच्या हातातही एक साधन आहेच: मोबाईलचा कॅमेरा. प्रत्येक चिठ्ठीचा, संपलेल्या पाकिटावरच्या नावाचा आणि कल्चरच्या पूर्ण रिपोर्टचा फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा १४ अंकी आभा क्रमांक काढला असेल आणि दवाखाना त्याला जोडलेला असेल, तर तिथेही नोंद राहते. गेल्या तीन महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक झालंय, हे डॉक्टरांना निवड करताना फार उपयोगी पडतं, कारण नुकतंच घेतलेलं औषध पुन्हा चालण्याची शक्यता कमी असते. ‘पांढरी लांबट गोळी होती’ यावरून त्यांना ते कळत नाही. फोटोवर तारीख दिसेल असं बघा, आणि लहान मुलाची चिठ्ठी असेल तर त्या दिवशीचं वजनही त्यात येऊ द्या.